खेळांतील देवांनीं हात कोठवर घालावा?

खेळ हा करमणुकीचा विषय असला तरी तो पोरकट विषय नव्हे. अंगणांत भातुकली मांडून बसलेल्या चार मुली पाहा. वाळूचा भात, पानांचीं ताटें, चिंध्यांची बाहुली. आणि तरीही त्या मांडलेल्या संसारास कायदा असतो. जी आई झाली तिनें आईसारखें वागलें पाहिजे. जी पाहुणी झाली तिनें विचारल्यावांचून माजघरांत शिरतां कामा नये. एखादी मध्येंच "आतां सगळीं भांडीं माझीं" असें म्हणूं लागली, तर खेळ तेथेंच मोडतो आणि कोणाच्या तरी डोळ्यांस पाणी येतें. सोंगाचा खेळ सर्वांच्या संमतीवर उभा असतो, आणि ती संमति राखणारा कोणी तरी लागतो. हा राखणारा कसा असावा व त्यानें खेळांत हात कोठवर घालावा, याविषयीं आमचे विचार विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावे, असा या लेखाचा हेतु आहे.

विषय शाळेच्या वार्षिकांत कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर सोपें आहे. आमचे पुष्कळ विद्यार्थी संध्याकाळीं अभ्यास आटोपून, आणि कित्येकदां न आटोपतांच, संगणकावरील जगांत जातात. २००९ सालीं प्रथम लोकांपुढें आलेला व २०११ मध्यें पूर्ण झालेला 'माइनक्राफ्ट' हा खेळ घ्या. २०२३ सालीं त्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याचें जाहीर झालें. या खेळांत मुलें आपलें स्वतंत्र जग, म्हणजे सर्व्हर, उभारतात आणि त्यांतील एकादोघांस 'ऑप' म्हणजे चालक नेमतात. या चालकाच्या हातीं काय नसतें? एका ओळीच्या हुकुमानें तो रात्रीचा दिवस करितो, पाऊस पाडितो, वाटेल त्यास वाटेल तेथें नेऊन सोडतो, मारतो आणि जगाबाहेर कायमचा घालवितो. नववींतल्या मुलास हा जो अधिकार मिळतो तो आमच्या मुख्याध्यापकांसही नाहीं! वर्गांत दोन मित्रांचा अबोला कां पडला याचा शोध करूं जातां त्याचें मूळ अशाच एखाद्या जगांत सांपडतें. तेव्हां हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. ज्या वयांत मनुष्य अधिकार वापरण्यास शिकतो, त्या वयाचा हा प्रश्न आहे.

हा अधिकार कोठून आला तें प्रथम पाहूं. प्रशियाच्या सैन्यांतील राइसविट्झ नांवाच्या एका तरुण अधिकाऱ्यानें इ. स. १८२४ मध्यें युद्धाचा एक खेळ सिद्ध केला. नकाशावर ठोकळ्यांच्या पलटणी मांडीत. दोन्ही पक्ष आपले हुकूम लिहून पंचाकडे देत. शत्रूचें कोणतें सैन्य कोणास दिसावें हें पंच ठरवी. आणि नुकसानीचा हिशोब फांसे व कोष्टकें यांवरून होई. पुढें १८७६ मध्यें व्हेर्दी द्यू व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्यानें असें प्रतिपादिलें कीं, कोष्टकांचें हें ओझें फेंकून द्यावें आणि अनुभवी पंचाच्या विवेकावर खेळ चालवावा. म्हणजे आज आमचीं मुलें ज्यावरून भांडतात तो वाद दीडशें वर्षांचा जुना आहे: नियम मोठा कीं नियामक मोठा?

याच झाडाची फांदी म्हणजे १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं प्रसिद्ध केलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ. यांत एकेक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो, आणि एक जण साऱ्या जगाचा सूत्रधार होतो. मूळ पुस्तिकांत या सूत्रधारास पंच असेंच म्हटलेलें आहे. चार वर्षांनीं, १९७८ मध्यें, इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनीं पुष्कळांनीं एकत्र खेळावयाचें असें एक जग संगणकावर निव्वळ शब्दांनीं उभें केलें. त्यास 'मड' हें नांव पडलें. त्यांत पुरेसे गुण मिळविणारा 'विझर्ड' म्हणजे मांत्रिक होई व त्यास विशेष सामर्थ्य मिळे. कोपनहेगन विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनीं १९९१ च्या सुमारास असेंच एक जग रचलें, आणि त्याच्या धर्तीवरील जगांत चालकांस 'अमर' व 'देव' अशा पदव्या मिळूं लागल्या. तेथून हा शब्द रूढ झाला.

देव हा शब्द येथें थट्टेनें योजिला आहे हें उघड आहे. ज्याची आम्ही उपासना करितों त्याच्याशीं या देवांची तुलना करण्याचा आमचा हेतु नाहीं. इतकेंच म्हणतों कीं, या देवांपाशीं सामर्थ्य आहे, सर्वज्ञता नाहीं. आणि ज्यापाशीं सामर्थ्य आहे परंतु सर्वज्ञता नाहीं, त्यासच नियमाची सर्वांत अधिक गरज असते.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. या देवांनीं हात घालावा कीं नाहीं? एक पक्ष म्हणतो, जग त्यांनीं रचलें, त्यांनीं वाटेल तें करावें. दुसरा म्हणतो, जग एकदां चालूं केलें कीं रचणाऱ्यानें बाजूस व्हावें. आमच्या मतें दोन्ही पक्ष चुकतात. आणि हें केवळ तर्कानें नव्हे, तर घडलेल्या गोष्टींवरून दाखवितां येतें.

प्रथम अति हस्तक्षेपाची गोष्ट ऐका. १९९९ सालीं सुरू झालेल्या 'एव्हरक्वेस्ट' या खेळांत केराफर्म नांवाचा एक निद्रिस्त महासर्प होता. चार पहारेकरी मारले कीं तो जागा व्हावा, दिसेल त्याचा संहार करीत निघून जावा, अशी रचनाकारांची योजना होती. त्यास कोणी मारूं शकेल अशी कल्पनाच त्यांत धरलेली नव्हती. नोव्हेंबर २००३ मध्यें एका सर्व्हरवर सुमारें दोनशें खेळाडू, एरवीं एकमेकांचे वैरी असलेल्या संघांतले, एकत्र झाले आणि त्याच्याशीं झुंजूं लागले. मरावें, पुन्हां उठावें, पुन्हां झुंजावें, असें सुमारें तीन तास चाललें. सर्पाची शक्ति सुमारें चतुर्थांश उरली आणि एकाएकीं तो नाहींसा झाला! तो पळाला नव्हता, मेलाही नव्हता. चालकांनीं त्यास जगांतून उचलून घेतलें होतें. खेळाडूंत जो संताप उसळला तो पाहून चालकांनीं क्षमा मागितली व पुन्हां संधि दिली. दोन दिवसांनीं त्या खेळाडूंनीं सर्पास मारिलें.

या गोष्टींत खेळाडूंचें नुकसान तें काय झालें? दोन दिवस उशीर, एवढेंच. मग इतका संताप कां? कारण त्यांचे तीन तास व्यर्थ गेले म्हणून नव्हे. ते पुष्कळदां व्यर्थ जातात आणि खेळाडू हंसत घरीं जातो. संताप यासाठीं कीं, आपण नियमानें जिंकत असतां नियम करणाऱ्यानेंच पट उधळला. हरणें मनुष्य सोसतो. परंतु आपलें हरणें किंवा जिंकणें आधींच कोणीं तरी ठरविलेलें होतें, हें कळलें म्हणजे त्याच्या श्रमांचा अर्थच नाहींसा होतो.

ही गोष्ट करमणुकीपुरती आहे असें मात्र समजूं नका. १९४२ च्या मे महिन्यांत जपानी आरमारानें 'यामाटो' या युद्धनौकेवर मिडवे बेटावरील स्वारीची रंगीत तालीम पटावर केली. मुख्य पंच होते रिअर ॲडमिरल उगाकी. तालमींत अमेरिकन विमानांचा हल्ला झाला. फांसे टाकून नऊ बाँब लागल्याचा निकाल निघाला आणि 'अकागी' व 'कागा' हीं दोन विमानवाहू जहाजें बुडालीं असें ठरलें. उगाकींनीं तो निकाल फिरविला. नवांचे तीन केले, 'अकागी' वांचली, आणि पुढच्या डावांत बुडालेली 'कागा' देखील पुन्हां पाण्यावर आली. त्या वेळीं तेथें असलेल्या जपानी अधिकाऱ्यांनीं युद्धानंतर हें लिहून ठेविलें आहे. पटावर जहाजें वर काढणारा पंच होता. खऱ्या समुद्रांत तसा कोणी नव्हता. ४ जून १९४२ रोजीं अमेरिकन बाँब पडले आणि 'अकागी' व 'कागा' या दोन्ही जहाजांचा नाश झाला. त्यावेळच्या पराभवाचीं कारणें अनेक होतीं व तीं सर्व त्या पंचाच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. तथापि एक धडा स्पष्ट आहे. जो पंच आपल्या आवडत्या शेवटासाठीं निकाल फिरवितो, तो खेळाडूंपासून खेळाचा सर्वांत मोठा लाभ हिरावून घेतो. आणि तो लाभ म्हणजे सत्य कळणें.

जुन्या ग्रीक नाटकांत गुंतागुंत सुटेना म्हणजे यंत्राच्या साहाय्यानें देव रंगभूमीवर उतरवीत. ॲरिस्टॉटल या तत्त्ववेत्त्यानें या युक्तीस दोष दिला आहे आणि युरिपिडीसच्या 'मेडिया' या नाटकाचा त्यासाठीं नांव घेऊन उल्लेख केला आहे. त्याचें म्हणणें असें कीं, कथेचा उलगडा कथेंतूनच झाला पाहिजे. नाटकांत तरी प्रेक्षक दूर बसलेला असतो. सोंगाच्या खेळांत खेळाडू स्वतःच कथेचा अर्धा कवि असतो. तेथें यंत्रांतून उतरणारा देव त्याच्या हातची लेखणीच ओढून घेतो.

रागाच्या भरांत केलेला हस्तक्षेप तर सर्वांत वाईट. 'अल्टिमा ऑनलाइन' या खेळाची चांचणी ऑगस्ट १९९७ मध्यें चालली होती. रचनाकार रिचर्ड गॅरियट राजाच्या वेषांत प्रजेस दर्शन देत असतां एका खेळाडूनें आगीचा मंत्र सोडला आणि राजा मेला! आपल्या पात्रास अवध्य करून ठेवण्यास गॅरियट विसरले होते. येथवर गोष्ट मौजेची आहे. परंतु त्यानंतर त्यांच्या सहकाऱ्यांनीं जमलेल्या गर्दीवर राक्षस सोडले आणि कित्येक निरपराधी मारले गेले. राजाचा मृत्यु लोक अजून कौतुकानें सांगतात. राक्षसांची आठवण कोणी कौतुकानें सांगत नाहीं. देवास लाज वाटली म्हणून भक्तांनीं मरावें, हा न्याय कोठला?

येथवर वाचून आमचे कांहीं विद्यार्थी म्हणतील, "तर मग ठरलें. चालकानें कधींच हात घालूं नये." थांबा. आतां दुसरी बाजू पाहा.

झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियांतील संशोधनशाळेंत पॅव्हेल कर्टिस यांनीं १९९० सालीं 'लॅम्डामू' नांवाचें एक शब्दांचें जग सुरू केलें. तेथेंही चालकांस मांत्रिक म्हणत. लोकांचीं भांडणें सोडवितां सोडवितां मांत्रिक थकले, आणि डिसेंबर १९९२ मध्यें कर्टिस यांनीं जाहीर केलें कीं, यापुढें आम्ही केवळ यंत्र चालूं ठेवूं; समाजाचे निर्णय समाजानें करावे. कल्पना उदात्त होती. परंतु थोड्याच महिन्यांत एका खेळाडूनें एक युक्ति योजून इतरांच्या पात्रांकडून, त्यांच्या इच्छेविरुद्ध, अत्यंत ओंगळ कृत्यें होत असल्याचा देखावा भरल्या सभेंत मांडला. पात्रें खोटीं होतीं. परंतु त्यांच्या मागें बसलेलीं माणसें खरीं होतीं, आणि त्यांना झालेला अपमान खरा होता. रहिवाशांची सभा भरली, तास न् तास वाद झाला, कांहीं ठरेना. अखेर एका मांत्रिकानें एकट्याच्या जबाबदारीवर त्या दुष्टास जगांतून काढून टाकिलें. म्हणजे कायदा नव्हता म्हणून न्याय थांबला नाहीं. तो फक्त एका मनुष्याच्या मर्जीवर येऊन पडला. पुढें कर्टिस यांनीं अर्ज करण्याची व मतें घेण्याची पद्धति घालून दिली. तीही पुरी पडली नाहीं, आणि १९९६ मध्यें मांत्रिकांनीं आपण पुन्हां लक्ष घालणार असल्याचें जाहीर केलें.

यावरून काय दिसतें? देव निघून गेला म्हणून त्याचें सामर्थ्य नाहींसें होत नाहीं. ज्याच्या हातीं किल्ली आहे त्यानें दार न उघडणें हाही एक निर्णयच असतो. आणि राखणारा डोळे मिटून बसला म्हणजे 'बळी तो कान पिळी' हा एकच कायदा शिल्लक राहतो. गरीब स्वभावाचा खेळाडू निमूटपणें निघून जातो, दांडगा राहतो, आणि चालक म्हणतो, "आम्हीं कोणाच्या स्वातंत्र्याआड आलों नाहीं!"

कधीं कधीं जगाचें यंत्रच बिघडतें. तेव्हांही हात घालावाच लागतो. सप्टेंबर २००५ मध्यें 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळांत एका राक्षसाशीं लढतांना लागणारा 'दूषित रक्ता'चा रोग त्याच्या गुहेपुरता राहावा अशी योजना होती. परंतु खेळाडूंच्या पाळीव जनावरांबरोबर तो बाहेर पडला आणि गजबजलेल्या शहरांतून पसरला. नवखे खेळाडू पटापट मरूं लागले. कोणी इतरांस बरें करण्यास धांवले, कोणी पळाले, कोणी मुद्दाम रोग पसरवीत हिंडले. लोकांनीं अलग राहावें असा प्रयत्न झाला, तो फसला. शेवटीं कंपनीस सर्व्हर पूर्ववत् करून दोष काढावा लागला. साथींचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनीं २००७ सालीं या गोष्टीवर गंभीर निबंध लिहिले, कारण खोट्या रोगांत माणसें खऱ्यासारखीं वागलीं होतीं. हा हस्तक्षेप योग्य होता असें आम्ही म्हणतों. येथें कोणाचा विजय हिरावला गेला नाहीं. तुटलेला बांध पुन्हां घातला गेला.

तिसरी एक गोष्ट आहे, ती या दोहोंहून वाईट. ती म्हणजे पक्षपात. आइसलंडमधील एका कंपनीचा 'ईव्ह ऑनलाइन' हा खेळ २००३ पासून चालू आहे. त्यांत खेळाडूंनीं एकमेकांस फसविणें, दगा देणें, लुटणें यांस मज्जाव नाहीं. तो खेळाचाच भाग आहे आणि देव तेथें स्वस्थ बसतात. परंतु २००७ च्या आरंभीं उघड झालें कीं, कंपनीचाच एक नोकर स्वतः खेळत असलेल्या संघास मौल्यवान वस्तु आंतून पुरवीत होता. हजारों लबाड्या सोसणारे खेळाडू ही एक लबाडी सोसूं शकले नाहींत, आणि तें बरोबरच होतें. चोरानें चोरी केली तर पहारा वाढवितां येतो. कुंपणानेंच शेत खाल्लें तर दाद कोणाकडे मागावी? कंपनीनें पुढें आपल्याच नोकरांवर देखरेख ठेवणारी शाखा नेमली आणि २००८ पासून खेळाडूंनीं निवडलेलें एक सल्लागार मंडळ स्थापिलें. देवांवर देखरेख लागते ही कबुली त्यांत आहे, आणि ती प्रामाणिक कबुली आहे.

या साऱ्या उदाहरणांवरून आमचें मत आम्ही थोडक्यांत मांडतों.

पहिली कसोटी ही: पीडा पात्रास होत आहे कीं मनुष्यास? सोंगांतला राजा सोंगांतल्या प्रधानाकडून मारला गेला, तर देवानें गप्प बसावें. तें दुःख खेळाचें मीठ आहे. परंतु राजाच्या मागें बसलेल्या मुलास त्याच्या जातीवरून, धर्मावरून, रूपावरून किंवा घरच्या परिस्थितीवरून कोणी टोंचूं लागला, तर तेथें सोंग संपलें. तेथें एक क्षणही थांबूं नये.

दुसरी कसोटी: मोडला आहे तो नियम, कीं केवळ माझा बेत? लबाडीनें किंवा यंत्राच्या दोषानें कोणी वर चढला तर नियम मोडला. त्यास खालीं आणावें. परंतु कोणी चतुराईनें, आपण कल्पिलें नव्हतें अशा वाटेनें जिंकला, तर मोडला तो आपला बेत. तेथें चालकानें टाळी वाजवावी. आपल्या मुलांनीं आपल्या अपेक्षेबाहेरचें कांहीं करून दाखविलें तर ज्यास आनंद होत नाहीं, त्यानें सूत्रधार होऊं नये. शिक्षक तर मुळींच होऊं नये.

तिसरी: जें करावयाचें तें उघड करावें, आणि त्याचा नियम आधीं सांगितलेला असावा. रात्रीं कोणाचें घर पाडून सकाळीं "वीज पडली" असें सांगणारा चालक दोन पापें करितो. एक घर पाडण्याचें, दुसरें वीज पाडण्याचें. अपराध मनुष्याचा असेल तर शिक्षा मनुष्यास सांगून द्यावी. खेळाबाहेरच्या अपराधाबद्दल पात्रावर संकटें सोडणें हा भ्याडपणा आहे.

चौथी: जेवढ्यानें काम भागेल तेवढाच हात घालावा. शब्दानें भागत असेल तर काठी कशाला? एका दिवसाच्या बंदीनें भागत असेल तर कायमची हद्दपारी कशाला?

पांचवी: जो न्याय करितो त्यानें त्याच डावांत पक्ष घेऊं नये. खेळावयाची हौस असेल तर देवपण दुसऱ्याच्या हातीं देऊन साध्या खेळाडूसारखें यावें व साध्या खेळाडूसारखें मरावें.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, चार मित्र टेबलाभोंवतीं बसून खेळत असतां नवख्या धाकट्या मुलाचें पात्र पहिल्याच फांशांत मरत असेल, तर सूत्रधारानें पडद्याआड फांसा थोडा फिरविला तर काय बिघडलें? हा आक्षेप दयेंतून आलेला आहे, म्हणून त्यास आम्ही मान देतों. लहानांचा खेळ सोपा करणें मुळींच वाईट नाहीं. परंतु तें फांसा पडण्यापूर्वीं करावें. शत्रु दुबळा योजावा, पळण्यास वाट ठेवावी, "नवख्यास पहिला मृत्यु माफ" असा नियमच सांगावा. फांसा पडल्यावर तो फिरविणें म्हणजे त्या मुलास न मिळविलेला विजय देणें. आणि पुढें कधीं त्यास तें कळलें तर त्याचे पुढचे खरे विजयही त्यास खोटे वाटूं लागतील.

दुसरा आक्षेप उद्धट आहे, पण तोच अधिक ऐकूं येतो: "सर्व्हर माझा, पैसे माझे, ज्यास पटत नसेल त्यानें जावें." ही वाणी आमच्या कानांस नवी नाहीं. गल्लींतील क्रिकेटमध्यें ज्याची बॅट असते तो पहिल्याच चेंडूस बाद होतो आणि म्हणतो, "मी बाद नाहीं, नाहींतर बॅट घेऊन घरीं जातों." कायद्यानें बॅट त्याचीच, यांत शंका नाहीं. परंतु बॅट त्याची असली तरी खेळ सर्वांचा असतो. बॅट घेऊन तो घरीं गेला तर त्याच्यापाशीं लांकडाचा तुकडा उरतो. ज्या जगांत दहा मुलांनीं महिने न् महिने घरें बांधिलीं, शेतें लाविलीं, मैत्र्या जोडिल्या, तें जग भाडें भरणाऱ्या एकाचें नसतें. त्याच्या हातीं असते ती ठेव. आणि ठेव ठेवणाऱ्यास हिशोब द्यावा लागतो.

विद्यार्थीमित्रांनो, तुमच्यापैकीं जे आज अशा लहान जगांचे चालक आहेत, त्यांस आमचें सांगणें हें कीं, हा तुमच्या आयुष्यांतील पहिला अधिकार आहे. उद्यां तुम्ही वर्गाचे मॉनिटर व्हाल, पुढें कचेरींत साहेब व्हाल, कोणी फौजदार, कोणी पंच, कोणी सरपंच, आणि बहुतेक सारे कोणाचे तरी आई-बाप व्हाल. ज्यास कोणी विचारणारा नाहीं अशा ठिकाणीं तुम्ही कसे वागतां, हें तुम्ही आज या खोट्या जगांत शिकत आहां; आणि तेथें जडलेली संवय खरी असेल. हुकूम लिहिण्यापूर्वीं एक प्रश्न स्वतःस विचारा: हाच हुकूम माझ्यावर सुटला असतां, आणि सोडणारा माझा मित्र नसतां, तर मी त्यास न्याय म्हटलें असतें काय?

पालकांस दोन शब्द. मुलगा खेळांत रडला म्हणजे हातांतला मोबाइल हिसकावून घ्यावा, हा सर्वांत सोपा हस्तक्षेप आहे. तो कधीं कधीं अवश्यही असतो. झोंप, अभ्यास व डोळे यांची हानि होत असतां घराच्या देवानें गप्प बसूं नये. परंतु पूर्वीं सांगितलेल्या कसोट्या आपणांसही लागू आहेत. दुखावलें आहे तें पात्र कीं आपलें मूल, हें आधीं विचारून घ्यावें. पात्र दुखावलें असेल तर त्यास हरूं द्यावें. मूल दुखावलें असेल तर त्याच्या शेजारीं बसावें, आणि चालक कोण, नियम काय, हें समजावून घ्यावें. कित्येकदां असेंही आढळेल कीं, आपलें मूल दुखावलेलें नसून दुखविणारें आहे. तेव्हां 'आपला तो बाब्या' हा न्याय लावूं नये, एवढीच विनंति.

सारांश, ज्यानें जग रचलें त्यानें तें सोडून जाऊं नये आणि त्याची लगामही घट्ट ओढूं नये. माळी बी पेरतो, पाणी घालतो, कुंपण राखतो, कीड पडली तर ती काढतो. परंतु फूल लवकर उमलावें म्हणून कळीच्या पाकळ्या बोटांनीं उकलीत नाहीं. ज्या चालकास कळी व कीड यांतला भेद ओळखतां आला, त्याच्या जगांत आमचीं मुलें खुशाल खेळोत.